गटार वगळून केलेला हिशेब

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या गावांत सध्या एक प्रस्ताव फिरतो आहे. चित्रे देखणी आहेत: हिरवळीवर ओळीने मांडलेली लहान लहान घरे, प्रत्येक दारात तुळस आणि सायकल. खालचा मजकूर असा, की अर्धा एकर रान पडून असेल तर त्यावर चाळीस ‘टायनी होम’ बसवा, कंपनीतल्या मुलांना भाड्याने द्या आणि पाच वर्षांत पैसे मोकळे करा. घर कंटेनरचे, क्रेनने उचलून नेता येते, म्हणून परवानगीची कटकट नाही. महाळुंग्यासारख्या गावात पाळी सुटली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथे असा मजकूर चटकन पटतो. मी याच पट्ट्यात बांधकामाची एस्टिमेटं काढून देतो, आणि माझ्या मते हा प्रस्ताव शेतकऱ्याला बुडवणारा आहे. लहान घराला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या घराखालच्या हिशेबाला.

आधी नवेपणाचा दावा निकालात काढू. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे या गावांत भाड्याच्या लहान घरांची वस्ती गेली वीस-पंचवीस वर्षे उभी आहे. तिला आपण ‘खोल्या’ म्हणतो. बजाजचा कारखाना चाकणला आला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, पाठोपाठ महिंद्रा, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने. एमआयडीसीने जमिनी घेतल्या त्या यंत्रांसाठी. यंत्रावर उभा राहणारा माणूस रात्री पाठ कुठे टेकणार, हे कोणी मनावर घेतले नाही. मग संपादनातून उरलेल्या दहा-पंधरा गुंठ्यांत शेतकऱ्याने खोल्या काढल्या. दहा बाय दहा, वर पत्रा, टोकाला सामायिक संडास, ओट्यावर एकच नळ. लातूर, नांदेड, बुलढाण्याची पोरे आली, बिहार-ओडिशाची आली, आणि खोल्या भरल्या. तेव्हा ‘टायनी होम’ महाळुंग्याला शिकवायला कोणी येऊ नये. येणाऱ्याने फार तर सांगावे, की आमच्या खोल्यांत जे चुकले ते त्याने कसे टाळले आहे. ते तो सांगत नाही.

हे चुकले कसे, याला इतिहास आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा तिच्याबरोबर कॉलनीही उभी राहिली. कामगाराचे घर हा कारखान्याच्या भांडवली खर्चाचाच भाग मानला गेला. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि ते काम कारखान्याकडून सरकारकडे सरकले. प्राधिकरणाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, पेठा आखल्या, भूखंड पाडले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले कित्येक जण साडेबारा टक्के परताव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खेटे घालत राहिले, आणि २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित होऊन पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात वाटले गेले. चाकणपर्यंत येता येता कामगाराच्या घराचा खर्च कारखान्याच्या वहीत राहिला नाही, सरकारच्याही राहिला नाही. तो खोलीमालकाच्या आणि भाडेकरूच्या अंगावर येऊन पडला. दोघांनीही तो आपल्याला जमेल तसा कापला.

मुंबईचाही दाखला घ्यावा असा आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. आजचा वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद, वीस फूट लांब, म्हणजे बरोबर १६० चौरस फूट! शंभर वर्षांत कामगाराच्या वाट्याला एक फूटही वाढून आला नाही. भिंती मात्र काँक्रीटच्या होत्या त्या पत्र्याच्या झाल्या. आणि त्या चाळींचाही हिशेब पहिल्यांदा चुकलाच होता. भाडे गिरणी कामगाराला परवडेना, वरळीच्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि १९३० च्या कायदेभंगात सरकारने तिथल्या इमारती सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. सरकारी खजिना पाठीशी असताना ही गत. पाठीशी फक्त सातबारा असलेल्याने किती जपून पाऊल टाकायला हवे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता आकडे. प्रस्तावातला हिशेब असा चालतो: वीस गुंठ्यांत चाळीस घरे, आतल्या संडास-बाथरूमसह प्रत्येकी तीन लाख, झाले एक कोटी वीस लाख. भाडे महिना पाच हजार. चाळीस घरांचे वर्षाला चोवीस लाख. एक कोटी वीस भागिले चोवीस, पाच वर्षे. गुणाकार बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. बाकीचे सगळे चूक आहे.

मी तोच हिशेब पुन्हा मांडतो. दर कोणाला पटले नाहीत तर त्याने आपले घालावेत. निकाल फारसा हलणार नाही. कंटेनर हवेत बसत नाही. जमीन सपाट करणे, मुरमाची भर, प्रत्येक घराखाली काँक्रीटचे ठोकळे, यांचे दहा लाख धरा. चाळीस घरांचा विजेचा भार गावातल्या आधीच कण्हणाऱ्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, पेलणार नाही; नवी डीपी, लाइन आणि मीटर मिळून नऊ लाख. बोअर, जमिनीखालची टाकी, वरची टाकी, पाइप यांचे आठ लाख. सांडपाणी जिरवायची किंवा शुद्ध करायची सोय दहा लाख. आतला रस्ता, पावसाळी पाण्याची नाली, दिवे, कुंपण बारा लाख. आराखडा, आर्किटेक्ट, विकास शुल्क, मोजणी आणि इतर कागद सात लाख. हे झाले छप्पन्न. मूळच्या एकशे वीसमध्ये मिळवले की एक कोटी शहात्तर. बांधकामात दहा टक्के इकडेतिकडे होतेच, ते धरले की एक कोटी चौऱ्याण्णव लाख.

आता उत्पन्न. चाळीसच्या चाळीस घरे बारा महिने भरलेली राहतील असे धरणाऱ्याने या पट्ट्यात एक वर्षही काढलेले नसावे. ठेकेदाराकडे कामाला असलेल्या मुलांना सात महिन्यांनी, अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. पोरगा गावी जातो, परत येतोच असे नाही. २०१९ मध्ये वाहनउद्योग मंदावला, २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा ओळीच्या ओळी कुलपांत होत्या. पंधरा टक्के रिकामे धरणे म्हणजे मेहेरबानीच. तेवढे वजा केले की चोवीसचे वीस लाख चाळीस हजार उरतात. त्यातून राखणदार आणि सफाई तीन लाख; उन्हाळ्यातले टँकर सव्वा-दीड लाख; सांडपाण्याची यंत्रणा चालवणे सव्वा लाख; पत्रा रंगवणे, गंज काढणे, फुटलेले बेसिन बदलणे दीड लाख; घरपट्टी आणि बाहेरचे दिवे एक लाख; आणि भाडे न देता रातोरात गेलेल्यांचे साठ हजार. खर्च साडेआठ लाखांच्या वर. हातात राहतात पावणेबारा लाख. एक कोटी चौऱ्याण्णव लाख फिटायला साडेसोळा वर्षे लागतात.

हे स्वतःचे पैसे असतील तर. निम्मे कर्ज काढले आणि दहा टक्क्यांनी मिळाले, तरी पहिल्या वर्षाचे नुसते व्याज नऊ लाख सत्तर हजार. पावणेबारातून ते गेले की मुद्दल फेडायला दोन लाख उरतात. आणि साडेसोळा वर्षांनी, पैसे फिटतील त्या दिवशी, शेतात जे उभे असेल ते चाकणच्या भंगारवाल्याकडे किलोवर जाण्याच्या लायकीचे झालेले असेल. पत्र्याच्या घराला वेळेवर रंग मिळाला तर ते पंधरा-वीस वर्षे तगते. वीट-सिमेंटची खोली त्याच मापात तीन लाखांपेक्षा कमीत होते आणि दुप्पट टिकते. कंटेनर स्वस्त पडतो, हा दावा मला कागदावर एकदाही जुळवता आलेला नाही. एप्रिलच्या दुपारी रात्रपाळी करून आलेला मुलगा त्यात झोपू शकेल का, तो प्रश्न वेगळाच.

यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: मग गावातले खोलीमालक कसे कमावतात? त्यांच्या गाड्या दिसत नाहीत का? दिसतात. आणि या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

ओळीतल्या कुठल्याही खोलीत डोकावा. भाड्याच्या बोलीत दोघे ठरलेले असतात, आत चार-पाच राहतात. एका गादीवर पहिल्या पाळीचा उठतो आणि तिसऱ्या पाळीचा आडवा होतो. दाराशी निळे पिंप. कंपनीतून रसायन घेऊन आलेले, भंगारात गेलेले, तिथून धुऊन विकले गेलेले. दोन दिवसांतून एकदा येणारे पाणी त्यात साठते. भिंतीवर सबमीटरची फळी. मालकाच्या नावावर वीजजोड एक आणि खाली वीस खोल्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. एका खोलीचे महिन्याचे साठ युनिट स्वतंत्र मीटरवर पहिल्या, शंभर युनिटांच्या टप्प्यात बसले असते. वीस खोल्यांचे मिळून बाराशे युनिट एकाच मीटरवर पडले की पाचशेच्या वरचा, सर्वांत महाग टप्पा लागतो. मालक तो दर आणि वर आपले दोन रुपये खोलीकडून घेतो. म्हणजे गावातला सर्वांत गरीब माणूस बंगल्यातल्या वातानुकूलन यंत्राच्या दराने एक दिवा आणि एक पंखा चालवतो. स्वतंत्र मीटर का नाही? बांधकामाचे कागद नाहीत म्हणून. करारनामा का नाही? त्याच कारणाने. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून घरगुती गॅसची जोडणी नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात चोरून भरलेली टाकी, आणि ती दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांच्या उशाशी.

ओळ संपते तिथे बघा. संडासाच्या टाकीचे पाणी कुठे जाते? आपल्याकडे वर हात-दोन हात माती किंवा मुरूम आणि खाली काळा पाषाण. शोषखड्डा पहिल्या वर्षी पितो, दुसऱ्या वर्षी भरतो, तिसऱ्या पावसाळ्यात उलटतो. तिथून ते शेजारच्याच्या रानात, ओढ्यात, आणि ओढ्यातून इंद्रायणीत. आषाढी वारीच्या आधी आळंदीला नदीवर फेस आला की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि दोष कारखान्यांना जातो. कारखान्यांचा आहेच. पण नदीच्या वरच्या अंगाला जी गावे दहा वर्षांत शहराएवढी फुगली आणि ज्यांना एक गटार मिळाले नाही, त्यांचेही पाणी त्याच फेसात आहे.

खोलीमालकाची कमाई आली ती अशी. माझ्या वरच्या हिशेबातले पाण्याचे, सांडपाण्याचे, रस्त्याचे आणि कागदांचे रकाने त्याने कोरे ठेवले, आणि माणसे दुप्पट घातली. नफा खोलीतून येत नाही, न बांधलेल्या गटारातून येतो. प्रस्ताववाले पाच वर्षांचा जो आकडा सांगतात तो याच कमाईकडे बघून काढलेला आहे. चित्रातली हिरवळ काढली तर उरते ती हीच ओळ, फक्त भिंतीला पन्हळ्या आहेत.

हे कोरे रकाने कधी ना कधी भरावेच लागतात, आणि तेव्हा ते रुपयांतच भरले जातात असे नाही. २४ ऑक्टोबर २०२४ ला भोसरीत सद्‌गुरुनगरला कामगारांच्या वस्तीतली पाण्याची टाकी सकाळी अंघोळीच्या वेळी फुटली आणि तिच्याखाली पाच कामगार गेले. टाकी नवीनच होती. पाण्याचा दाब भिंतीला किती पेलवेल, हा हिशेब कुठल्याही डिप्लोमाच्या पोराने दहा मिनिटांत करून दिला असता. कामगारांच्या टाकीला इंजिनिअर कशाला, असे कोणाला तरी वाटले. एस्टिमेटमध्ये ती ओळ पाच-दहा हजारांची असते. म्हणून मी एस्टिमेटमधली पाण्याची एकही ओळ सोडत नाही, आणि माणशी रोज शंभर लिटर धरतो. प्रस्तावात चाळीस घरांत चाळीस माणसे आहेत. प्रत्यक्षात तिघे धरले तर एकशे वीस. रोजचे बारा हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर रोज एक, तरी दोन हजार कमी. आणि त्यातले साडेनऊ हजारांच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते रोज पडते. रविवारीसुद्धा.

आता क्रेनचा, म्हणजे ‘हलवता येते, तेव्हा परवानगी नको’ या दाव्याचा समाचार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता भिंत कशाची आहे हे विचारत नाही, जमिनीचा वापर काय आहे ते विचारते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ‘विकास’ या शब्दात जमिनीच्या वापरातला बदल येतो. अकृषिक परवानगीच्या अटी गेल्या काही वर्षांत बऱ्याच सैल झाल्या, गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना सवलत मिळाली, हे खरे. पण त्यामुळे बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेण्याची गरज संपली नाही. आणि भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ सांगते की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. वाद झाला आणि नोंदलेला करार नसला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरे धरले जाते. कंटेनर क्रेनने उचलता येतो म्हणून यातले काहीच टळत नाही.

‘सगळेच करतात, कोण पाडायला येतो?’ असे पारावर म्हणतात. १७ मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. तीही कष्टाच्या पैशाची घरे होती, विकणाऱ्याने त्यांनाही काही होत नाही असेच सांगितले असणार. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत घरांवरचा शास्तीकर माफ करून घ्यायला लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. माफी आली ती २०२३ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये अजित पवारांनी भल्या पहाटे चाकणचा दौरा करून इथे महापालिका करावी लागेल असे सांगितले. ती होईल तेव्हा होईल. झाली की पहिल्या नोटिसा कोणाला जातील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

इथवर वाचून शहरातला वाचक खूश झाला असेल: बघा, गाववाले लोभी, त्यांनीच बकालपणा वाढवला. त्यालाही उत्तर देणे आहे. त्या वाचकाची मोटार ज्या भावात दारात उभी राहिली, त्या भावात कामगाराच्या निवाऱ्याचा खर्च नाही. तो महाळुंग्याच्या शेतकऱ्याने आपल्या उरलेल्या गुंठ्यांतून उचलला. त्याची जमीन कारखान्यात गेली आणि त्याच कारखान्यात त्याच्या मुलाला काम मिळाले ते ठेकेदाराच्या हाताखाली. खोल्या काढल्या नसत्या तर त्याने दुसरे काय करायचे होते? त्याने चुका केल्या. पण पाणी, गटार आणि रस्ता या गोष्टी कुठल्याही शहरात एकटा घरमालक बांधत नाही. कोथरूडच्या सोसायटीने स्वतःचे धरण बांधलेले नाही. भामा-आसखेड धरण आमच्या खेड तालुक्यात आहे. २०२१ पासून त्याचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जाते, आणि आमच्या ओळींना उन्हाळ्यात टँकर लागतो.

सरकारी योजनेचे नावही या चर्चेत निघते. टाळेबंदीत मजूर पायी निघाले ते सगळ्यांनी पाहिले, आणि जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना आणली. २५ वर्षांची मुदत, करसवलत, एका शयनगृहाचे घर ३० चौरस मीटरपर्यंत, आणि वसतिगृहाच्या एका खाटेमागे १० चौरस मीटरपर्यंत जागा. आमच्या कंटेनरमध्ये तिघे राहिले तर एकाच्या वाट्याला पाच चौरस मीटरही येत नाही. वाईट योजना नाही. पण ती मोठ्या कंपनीने किंवा संस्थेने हाती घ्यावी अशी आखलेली आहे. वीस गुंठेवाला तिच्या अर्जाच्या पहिल्या पानावरच अडतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पातही औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसतिगृहांची घोषणा झाली. महाळुंग्यात तिची वीट मला अजून दिसलेली नाही.

आणि कंपन्या? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात, ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या माणसांना राहायला योग्य जागा देणे त्याच्यावर बंधनकारक होते. इथल्या खोल्यांवरून ते कलम कोणी वाचल्याचे दिसले नाही. लातूरच्या पोराला तर ते कलमही लागू नव्हते; तो पडला याच राज्याचा. जबाबदारी घेता येते हे तमिळनाडूत दिसले. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाल्यावर फॉक्सकॉनच्या कामगार मुली महामार्गावर उतरल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये वल्लम वडगल इथे १८,७२० जणींच्या निवासाचे संकुल सुरू झाले, बांधले तिथल्या राज्याच्या औद्योगिक महामंडळाने, सिपकॉटने, सातशे कोटींच्या वर खर्चून. एवढी माणसे एका आवारात कोंडून ठेवणे मला पटत नाही. पण खर्च कोणाच्या वहीत जायला हवा, हे त्यातून कळते.

तो खर्च योग्य वहीत गेला तर काय होते, तेही मांडतो. तेच वीस गुंठे, तीच चाळीस घरे, पण वीट-सिमेंटची, पायासकट सव्वादोन लाखांची: नव्वद लाख. पाण्याची मुख्य वाहिनी, गटार आणि पक्का रस्ता एमआयडीसी किंवा पीएमआरडीएने बांधापर्यंत आणून दिला, म्हणून मालकाला फक्त आतली जोडणी करायची: पाणी तीन लाख, सांडपाणी तीन, रस्ता-दिवे चार. वीज नऊ, कागद सात. एकशे सोळा, दहा टक्के वर धरून एक कोटी अठ्ठावीस लाख. कंपनीने किंवा तिच्या ठेकेदाराने चाळीस घरे लेखी कराराने घेतली, भाडे तेच पाच हजार. रिकामेपणा नाही, बुडवेगिरी नाही, चोवीस लाख पुरे. टँकर नाही, खर्च सहा लाखांत बसतो. अठरा लाख हातात, आणि पैसे सात वर्षांत मोकळे. भाडेकरूकडून एक रुपया जास्त न घेता साडेसोळाची सात वर्षे होतात. पत्र्याऐवजी वीट घेतली त्याचा यात थोडा वाटा आहे, मोठा वाटा योग्य वहीत गेलेल्या खर्चाचा; तुळस, सायकल यांचा या फरकाशी काही संबंध नाही.

एकेकट्याने हे होणार नाही, हे मला ठाऊक आहे. मगरपट्ट्याच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी चारशे एकर एकत्र केले म्हणून त्यांना नकाशा स्वतःचा काढता आला. आमच्याकडे सलग तुकडे एमआयडीसीत गेले आणि राहिले ते भावाभावांत वाटलेले कोपरे. पण लगतच्या तीन-चार बांधवाल्यांना एक सांडपाणी यंत्रणा, एक डीपी आणि एक रस्ता सामाईक करायला चारशे एकर लागत नाहीत. एक नोंदलेला करारनामा लागतो, आणि चुलतभावाशी बोलणे सुरू करावे लागते. दुसरे काम जास्त अवघड आहे, कबूल.

तोवर माझ्याकडे एस्टिमेट काढायला येणाऱ्या प्रत्येक दादाला मी क्रम उलटा करायला सांगतो. आधी मे महिन्यात बोअरचे पाणी मोजा. मग सांडपाणी कुठे जाणार ते नकाशावर लाल पेनाने काढा. मग कागद. मग प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर मिळेल का ते महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. घर सर्वांत शेवटी, आणि पहिल्यांदा दहाच. दहा खोल्या स्वतःच्या पैशात होतात, दोन रिकाम्या राहिल्या तरी झोप उडत नाही. चाळीस करायच्या असतील तर आधी कंपनीच्या एचआरच्या टेबलावर जाऊन तीन वर्षांची लेखी हमी मागा. जी कंपनी आपल्या पाळीसाठी चाळीस खोल्यांची हमी द्यायला तयार नाही, तिच्या भरवशावर सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढवू नका. त्या वीस गुंठ्यांत यंदाही कांदा करा; चाकणचा बाजार चार मैलांवर आहे.